गॅलरीच्या पोटातली हाक

झाडूचा दांडा मोडला म्हणून मुकादमबाई कोठीत गेली. सुरुवात एवढी साधी होती. दांडा मोडणं काही नवीन नव्हतं. सामना बघायला येणारे लोक खुर्च्यांखाली च्युइंगगम चिकटवून जातात आणि ते खरवडायला झाडूचाच दांडा वापरायची तिच्या हाताखालच्या बायकांना खोड होती. किती वेळा सांगितलं तरी जी ती आपल्या मनाची राणी. ती पुटपुटत गेली, नवा दांडा घेतला, जमिनीवर आपटून पारखला आणि परत आली, तर पश्चिमेची गॅलरी मिटत होती.

ती धावत सुटली. का सुटली, ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

शहरातलं ते सगळ्यात मोठं सभागृह. बाहेरून बघितलं तर कुणीतरी भलंमोठं पातेलं उपडं घालून ठेवलंय असं वाटायचं. आत भरदुपारीसुद्धा दिवे लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसत नसे, कारण खिडकी म्हणून एक ठेवलेली नव्हती. सकाळी तिथे चेंडू आपटायचे आणि संध्याकाळी त्याच जमिनीवर कुणी गाणारा घसा फोडायचा. सामन्याला लोकांना बसायला जागा लागते, गाण्याला नाचायला. म्हणून गॅलरी सरकती केलेली. बटण दाबलं की पायऱ्या एकीखाली एक सरकत मागच्या भिंतीला जाऊन चिकटायच्या, कपाटाचे खण आत सारावेत तशा. आणि ती उघडी असली की तिच्याखाली लोखंडी पायांचं एक लांबच लांब भुयार व्हायचं. भिंतीकडे उंच, मैदानाकडे वाकून वाकून शेवटी रांगायला लावणारं. त्याला तिथली सगळी माणसं पोट म्हणत.

पोटात काय पडत नसे? कागद, बाटल्या, लाह्या, कुणाचं कानातलं, कुणाच्या पोराचा एका पायाचा बूट. हा कचरा चाकांत अडकला तर गॅलरी वाकडी होते, म्हणून मिटायच्या आधी बायकांनी आत शिरून झाडायचं. आत माणूस असताना ती मिटली तर काय होईल, ते मी सांगायला नको.

म्हणून तिथे एक रीत होती. सगळ्या बायका बाहेर आल्या की मुकादमबाईने पोटाच्या एका टोकाला, जिथून आत शिरतात त्या तोंडाशी, उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "मोकळं." बटणवाला दूर खांबापलीकडे बसायचा. त्याला तोंड दिसत नसे, बाई दिसत नसे. त्या एका शब्दावर तो बटण दाबायचा. आणि म्हणूनच त्या इमारतीत दुसऱ्या कुणी तो शब्द उच्चारायचा नाही, थट्टेतसुद्धा नाही. डबा खायला बसताना बायका एकमेकींना विचारत, इथे रिकामं आहे का. मोकळं आहे का, असं कुणी चुकूनही विचारत नसे. नव्या बाईला पहिल्या दिवशी झाडू नंतर मिळायचा, ही ताकीद आधी.

आणि आता मुकादमबाई दांडा हातात घेऊन कोठीतून येतेय आणि गॅलरी खडखडत मिटतेय.

ती धावत बटणवाल्याकडे गेली. तो डोक्याने तुळतुळीत आणि स्वभावाने गरीब माणूस होता. तिने त्याला असा काही फैलावर घेतला की त्याच्या हातातला चहा बशीत सांडला. कुणाला विचारून बटण दाबलंस म्हणाली. तो उलट तिच्याकडेच बघत राहिला.

"तुम्हीच तर ओरडलात."

"मी कोठीत होते."

"मुकादमबाई, तुमचा आवाज मी ओळखणार नाही? एक वेळ माझ्या बायकोचा विसरेन."

बायका सगळ्या बाहेर होत्या, हे नशीब. आत एक पत्र्याची बादली तेवढी राहिली होती. गॅलरी पुन्हा उघडली तेव्हा बादलीची ताटली झाली होती.

मुकादमबाईने ती ताटली उचलली आणि सगळ्या बायकांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. नजर जाऊन थांबली ती तिच्या सुनेवर.

कारण तिच्यासारखा आवाज काढणारी तिथे एकच होती.

सून म्हणजे तिच्या एकुलत्या एका मुलाची बायको. मुलगा मालवाहू जहाजावर होता, वर्षातले कितीतरी महिने पाण्यावर. या खेपेला निघताना दारात चपला घालता घालता तो म्हणाला होता, "आई, तिला कुणी नाही. तूच आहेस." ते खरंच होतं. आईबाप लहानपणी गेलेले, दूरच्या मामाने जेवायला घातलं पण जवळ काही घेतलं नाही. मुकादमबाईने त्यावर नुसतं हं म्हटलं होतं. तिला यापेक्षा जास्त बोलता येत नसे. गोड शब्द तिच्या घशातून निघायचा म्हणजे गंजलेल्या नळातून पाणी निघण्यासारखं होतं. आधी नुसती गुरगुर. पण मुलगा गेला त्याच आठवड्यात तिने सुनेला आपल्याबरोबर कामाला लावली. घरात एकटी बसून भिंती मोजण्यापेक्षा डोळ्यांसमोर राहील, हा विचार. तो तिने सुनेला बोलून मात्र दाखवला नाही. तिला म्हणाली ते एवढंच, की बसून खाणाऱ्यांचं इथे चालत नाही.

तर ही सून नकला करायची. दिसायला गरीब गाय, पण एकदा चहाच्या वेळी तिने सासूची अशी हुबेहूब नक्कल केली, तो चिरका सूर, ते वाक्याच्या शेवटी "कळलं का" म्हणून हेल काढणं, की बायका हसून हसून लोळल्या. मुकादमबाई तेव्हा मागेच उभी होती.

मग आणखी पुरावा काय हवा? तिने त्या दिवशी घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. दार लागल्यावर सगळं काढलं. माणसाच्या जिवाशी खेळ करतेस, बादलीच्या जागी एखादी बाई असती तर काय केलं असतंस, मला कामावरून काढायचंय आणि मुकादमकी घ्यायचीय, होय ना, कळलं का. सून भिंतीला टेकून ऐकत होती. मी नाही म्हणाली. शपथ घेते म्हणाली. शेवटी डोळे पुसत हळूच म्हणाली, "आई, घरी तुम्ही अशा का वागता?"

घरी. हा शब्द मुकादमबाईच्या कानावरून गेला. रागात माणसाला दुसऱ्याचं अर्धंच ऐकू येतं.

सभागृहाच्या साहेबांकडे मात्र ती गेली नाही. घरातलं भांडण कामावर न्यायचं नाही, असा तिचा खाक्या. बटणवाल्याला सांगितलं, पोरकटपणा होता, मी बघते. त्याने मान डोलावली. पण त्याच्या डोळ्यांत काहीतरी राहिलं. ते तिला आवडलं नाही.

त्यानंतर ती सुनेवर डोळा ठेवून राहिली. आणि डोळा ठेवला की दिसायला लागतं.

पहिली गोष्ट दिसली ती ही, की सून पोटात सगळ्यांच्या आधी शिरते आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर येते. इतर बायकांना ते पोट नको असायचं. कुबट हवा, मानेला लोखंड लागतं, वर दिवे असले तरी खाली पट्टे पट्टे अंधार. झाडलं न झाडलं करून त्या पळायच्या. आणि ही बाहेर यायची ती कशी, तर चेहरा उजळलेला. माहेरी जाऊन आल्यासारखी.

दुसरी गोष्ट लांबीने सांगितली. लांबी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात उंच बाई, आणि जीभही तशीच. ती कानाशी येऊन म्हणाली, तुझी सून आत कुणाशी तरी बोलते ग. लाकडी जमीन जोडायला येतात त्या सुतारांपैकी एखादा असेल. मुलगा लांब, बाई तरणी, तू तरी कुठेकुठे पुरी पडशील. मुकादमबाईने तिला तिथल्या तिथे गप्प केलं, पण किडा कानात गेला तो गेला. जाता जाता लांबीने आणखी एक बोचकारा काढला. म्हणाली, मी तुझ्या बाजूची आहे म्हणून सांगते, बटणवाला काय बोलतो माहीत आहे? बोलतो, ही बाई त्या पोरीवर एवढी खार खाऊन असते, की एखाद्या दिवशी ती आत असतानाच हाक देईल.

हे ऐकल्यावर तिला जेवण गेलं नाही. म्हणजे ती सुनेवर डोळा ठेवून, आणि सगळं सभागृह तिच्यावर डोळा ठेवून.

मग एक दिवस सामना संपल्यावर बायका बाहेर आल्या आणि सून आली नाही, तेव्हा ती पोटाच्या तोंडाशी जाऊन कान देऊन उभी राहिली. आतून नेहमीचा वास आला. गंजाचा, सांडलेल्या सरबताचा, शिळ्या लाह्यांचा. त्यात आणखी एक होता. झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा. आत, खोल, सुनेचं बारीक हसणं ऐकू आलं. आणि मग दुसरा आवाज. पुरुषाचा नव्हता. बाईचा होता, हळू, समजावणीचा. शब्द कळेनात.  पण शेजारच्या खोलीतून आपलाच खोकला ऐकू यावा, तसं काहीतरी मुकादमबाईला झालं.

"बाहेर ये," ती ओरडली.

आवाज थांबले. दोन्ही थांबले. सून वाकून बाहेर आली, केसांत जळमट.

"कोण होतं आत?"

सुनेने आधी चमकून बघितलं. मग मागे उभ्या बायकांकडे बघितलं, आणि मग सासूकडे बघून ती हसली. दोघींचं काही गुपित असावं आणि ते चारचौघांत फोडायचं नाही, असं हसली. "कुणी नाही," म्हणाली आणि खाली मान घातली.

त्या हसण्याने मुकादमबाईचं डोकं फिरलं. तिने मनाशी गाठ मारली. ही आत बसून माझा आवाज घोटवते. एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते. आता हिला आवाज काढतानाच धरायची, चार बायकांसमोर हाताला धरून बाहेर ओढायची, आणि मुलगा आला की त्याच्या पुढ्यात उभी करायची.

तशी संधी लवकरच आली. सकाळी शाळेच्या पोरांचे सामने होते आणि पोरांनी नुसता उकिरडा करून ठेवला होता. संध्याकाळी गाणं. बाहेर लख्ख ऊन, आत तो कायमचा तिन्हीसांजेचा उजेड. सुतार दाराबाहेर ताटकळत उभे. बायकांनी घाईघाईने पोट झाडलं आणि बाहेर आल्या. लांबीने कपाळाला आठी घालून पोटाकडे नुसता अंगठा केला. आहे आत.

मुकादमबाईने चपला काढल्या. विजेरी घेतली पण लावली नाही. आणि ती पोटात शिरली.

इथे ती चुकली. त्या इमारतीत काम केलेल्यांपैकी कुणीही सांगेल. जिने तोंडाशी उभं राहायचं, तीच आत गेली. तोंडाशी आता कुणीच नव्हतं. बाकीच्या बायका चहाला गेल्या होत्या, कारण मुकादमबाई आहे म्हटल्यावर कोण कशाला थांबतंय.

लोखंडी पायांमधून ती अनवाणी सरकत गेली. वरच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या पडलेल्या, त्यांतून धूळ तरंगत होती. पुढे पुढे पट्ट्या कमी झाल्या. पोटाचं दुसरं टोक फळ्यांनी बंद केलेलं, तिकडे तर डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये. तिथेच, थोडी अलीकडे, उपड्या बादलीवर सून बसली होती. झाडू मांडीवर आडवा. तोंड अंधाराकडे. ओठ मिटलेले.

ओठ मिटलेले होते, हे मुकादमबाईने नीट बघितलं. कारण आवाज येतच होता.

"पाठ दुखते का ग, बाळ? बस जरा. घाई काय आहे…"

तो तिचा आवाज होता. चिरका, जाड, वर्षानुवर्षं ओरडून फाटलेला. तिचाच. तिने आपला हात आपल्या गळ्यावर ठेवला. आपलाच घसा हलतोय का, ते बघायला. घसा गप्प होता, आणि आवाज फळ्यांपाशी, काळोखात, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून येत होता.

"सगळे दमवतात माझ्या पोरीला… मी आहे ना…"

सून लहान मुलासारखी म्हणाली, "घरी चला ना आता, आई."

"जाऊ की. आज मी तुला घेऊनच जाणार आहे."

आणि मग तोच आवाज उंच झाला. इतकी वर्षं ती तोंडाशी उभी राहून द्यायची तशीच, छातीतून, ठसठशीत, दूर खांबापलीकडे पोचेल अशी हाक आली.

"मोकळं."

क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळ्या लोखंडाला एकदम कापरं भरलं. मोटार सुरू झाली. पोटाचं छप्पर करकरलं आणि मैदानाकडची बुटकी चौकट चाकांवर खडखडत त्यांच्याकडे यायला लागली. त्या खडखडाटात बटणवाल्याला हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं. जो शब्द त्याला ऐकायचा होता, तो त्याने ऐकला होता.

सून ताडकन उठली. धूळ अशी उठली की काही दिसेना. मुकादमबाईने विजेरी लावली, तर उजेडाऐवजी नुसता धुळीचा पडदा.

"इकडे ये, बाळ," फळ्यांकडून आवाज आला. मऊ. सावकाश. "इकडून वाट आहे…"

आणि सून तिकडे वळली. मुकादमबाईला तिची पाठ दिसली, हात पुढे केलेले दिसले. तेव्हा तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते तिला जे येत होतं तेच.

"ए भवाने, तिकडे कुठे मरायला चाललीस? डोळे फुटले का तुझे? मागे फीर, नाहीतर तंगडी मोडून हातात देईन, कळलं का."

सून थांबली. एकीकडे तो आवाज, दुसरीकडे तोच आवाज. चौकट आणखी जवळ आली. मधल्या पायांच्या रांगा एकमेकींत शिरायला लागल्या. मुकादमबाईला वाटलं, ही तिकडेच जाणार. का जाऊ नये? मी हिला आजवर काय दिलंय…

सून वळली आणि शिव्यांच्या दिशेने धावत आली. सासूने तिचा दंड पकडला, तो असा की पुढे पंधरवडाभर त्यावर बोटं उमटलेली होती, आणि दोघी लोखंडात खांदे सोलवटत, अर्ध्या वाकून, अर्ध्या रांगत तोंडाशी आल्या आणि बाहेर पडल्या. मागे गॅलरी धप्प करून भिंतीला लागली.

बटणवाला धावत आला. त्याने दोघींना जमिनीवर बघितलं, मग मिटलेल्या गॅलरीकडे बघितलं. त्याच्या तोंडून एवढंच येत राहिलं, तुम्हीच ओरडलात हो, तुम्हीच ओरडलात. या खेपेला मुकादमबाईने त्याला खोटं पाडलं नाही.

त्या संध्याकाळी घरी दोघी ओट्यापाशी जमिनीवर बसल्या. दिवा लावायचंही सुचलं नाही. सून हळूहळू बोलली. आवाज पहिल्यांदा आला तो कामावर लागल्यावर काही दिवसांतच. विचारायचा, जेवलीस का. दमलीस का. तिने मागे वळून बघितलं तर अंधार, पण आवाज सासूचा, मग घाबरायचं कशाला? तिला वाटलं, सासूबाई पलीकडच्या फटीशी उभ्या असतील.

"घरी तुम्ही घालून पाडून बोलायच्या. मला वाटलं, लोकांसमोर तुम्हाला लाज वाटत असेल. आत कुणी नसतं, म्हणून तिथे बोलत असाल. मी कधी विचारलं नाही. विचारलं तर बंद होईल असं वाटलं."

 पोरीला दोन गोड शब्द हवे होते, आणि ते कुठल्या अंधाराने दिले. मग मुकादमबाईने विचारलं, की दोन्हीकडे माझाच आवाज होता, तर तुला कसं कळलं, कुठली खरी.

सून म्हणाली, "मोटार सुरू झाली तरी ती घाबरली नव्हती. तुम्ही घाबरलात की शिव्या देता. यांचा फोन लागत नव्हता तेव्हाही दिल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सगळं साहेबांच्या कानावर गेलं. आवाजाचं कुणी बोललं नाही. कुणीतरी बाहेरून खोडी केली, एवढंच सांगितलं. साहेबांनी पोटात मोठाले दिवे लावून फळीन् फळी तपासायला लावली. काही निघालं नाही. मुकादमबाई स्वतः शेवटपर्यंत जाऊन आली. तिथे फळ्यांवर बोटभर धूळ होती, मात्र एका जागी, बसलेल्या माणसाची पाठ टेकेल तेवढ्या जागेवर, लाकूड घासून गुळगुळीत झालेलं होतं. तिने ते बघितलं आणि कुणाला दाखवलं नाही.

रीत बदलली. बटणाच्या पेटीला कुलूप आलं. किल्ली एकच, आणि ती मुकादमबाईच्या गळ्यात. सगळ्या बायका बाहेर आल्या, तोंडं बघितली, की ती चालत खांबापलीकडे जायची आणि किल्ली बटणवाल्याच्या हातात ठेवायची. हाक बंद. तो शब्द आता तीही उच्चारत नसे.

घरी मात्र पंचाईत झाली. एवढं सगळं झाल्यावर तिला वाटलं, पोरीशी जरा नीट बोलावं. एका संध्याकाळी तिने पानं घेतली आणि जमेल तेवढा सूर मऊ करून म्हणाली, ये ग बाळ, बस जेवायला. सून उंबऱ्यातच थिजली. आत पाऊल टाकेना. चेहरा पांढराफटक. म्हणाली, आई, नको… तुम्ही रागावूनच बोला. मुकादमबाईने मग कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ये गिळायला, आमंत्रण पाठवायचं का तुला. तेव्हा कुठे ती हसली आणि येऊन बसली. त्या दिवसापासून शिव्या हीच त्यांच्या घरातली माया झाली. दोघींनाही ते कळत होतं. लांबीला कळत नव्हतं, आणि ती म्हणायची, या दोघींचं कधी जमायचं नाही.

परवा रात्रीचं जेवण करताना सुनेने उकळतं पातेलं उघड्या हाताने धरलं. तळवा भाजला. मुकादमबाई अशी दचकली की हातातली पळी पडली. तिने पोरीचा हात नळाखाली धरला, आणि तोंड सुटलं. "आंधळे, हात का जाळून घेतेस? त्या समुद्रावरच्याला मी काय तोंड दाखवू?" बोलताना तिचा श्वास मध्येच अडकला, "समुद्रावरच्याला"पाशी. दोघीच होत्या. दार लागलेलं होतं. खिडकीही.

काल सामना संपला. पोट झाडून झालं. सगळ्या बायका बाहेर, एकेकीचं तोंड मुकादमबाईने बघून घेतलं. सून तिच्या शेजारी, हाताला पट्टी. किल्ली गळ्यात. ती खांबाकडे जायला वळली, तेवढ्यात आतून, फळ्यांकडून, आवाज आला. गोड नव्हता. चिरका होता, वरच्या पट्टीतला.

"आंधळे, हात का जाळून घेतेस? त्या… समुद्रावरच्याला मी काय तोंड दाखवू?"

मुकादमबाईने चटकन सुनेचा दंड धरला. कारण सुनेचं एक पाऊल आत पडलं होतं.

पोरीचा काय दोष. तो आवाज घाबरलेला होता.